फ्लूचे नाव मिळालेला जिवाणू: १९१८ची मुंबई ते पहिला वाचलेला जिनोम

खोकला लांबला की डॉक्टर कधीकधी बेडक्याची किंवा घशाच्या स्वॅबची कल्चर तपासणी करायला सांगतात. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट येतो आणि त्यावर एक लांबलचक नाव असते: हिमोफिलस इन्फ्लुएंझा. 'इन्फ्लुएंझा' हा शब्द दिसताच रुग्ण हमखास विचारतात, "म्हणजे मला फ्लू झालाय का?"

उत्तर आहे, नाही. फ्लू हा विषाणूचा, म्हणजे व्हायरसचा आजार. हिमोफिलस इन्फ्लुएंझा हा जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया. दोघांचे औषध वेगळे, लस वेगळी, वागणेही वेगळे. मग त्याला फ्लूचे नाव का मिळाले? या चुकीच्या नावामागे एक मोठा इतिहास आहे. त्यातला एक महत्त्वाचा काळ आपल्या मुंबईत गेला आहे. आणि याच जिवाणूच्या नावावर एक विक्रमही आहे: स्वतंत्रपणे जगणाऱ्या सजीवांपैकी ज्याचा संपूर्ण जिनोम माणसाने सर्वात आधी वाचला, तो हाच.

ओल्या अस्तरावरचा भाडेकरू

आपले नाक, घसा, श्वासनलिका यांच्या आतल्या बाजूला एक मऊ, ओलसर अस्तर असते. त्याला श्लेष्मल त्वचा म्हणतात. तिच्यावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. हवेतली धूळ आणि जंतू त्यात अडकतात आणि सूक्ष्म केसांसारख्या तंतूंच्या हालचालीने घशाकडे ढकलले जातात. ही शरीराची रोजची साफसफाई.

एवढी साफसफाई चालू असूनही या अस्तरावर अनेक जिवाणू कायम बिऱ्हाड करून असतात. हिमोफिलस इन्फ्लुएंझा त्यांपैकीच एक. तो माणसाशिवाय दुसऱ्या कुणाकडे राहत नाही. निरोगी मुलांच्या नाकघशात तो सहज सापडतो, आणि बहुतेक वेळा काहीही त्रास देत नाही. चाळीतल्या जुन्या पोटभाडेकरूसारखा तो असतो. वर्षानुवर्षे निमूटपणे राहतो, पण घरात काही बिघडले की त्याचेही रूप पालटू शकते.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ यातूनच झाला. जो नेहमीच तिथे असतो, तो आजारपणातही सापडणारच.

फायफर यांचा शोध आणि प्लेगची मुंबई

१८८९ मध्ये इन्फ्लुएंझाची जागतिक साथ सुरू झाली. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे आणि पटकीचे जिवाणू दाखवून दिल्याला तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. प्रत्येक साथीमागे एक जिवाणू असणार आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली सापडणार, असा विश्वास वैद्यकजगतात होता. बर्लिनमध्ये कॉख यांच्याच संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांच्या बेडक्यात एक अगदी छोटा, काडीसारखा जिवाणू वारंवार दिसला. १८९२ मध्ये त्यांनी जाहीर केले की इन्फ्लुएंझाचे कारण हेच. लोक त्याला 'फायफरचा जिवाणू' म्हणू लागले.

हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवणे कठीण होते. साध्या खाद्यावर तो वाढतच नसे, त्याला रक्त लागे. म्हणूनच पुढे त्याचे नाव 'हिमोफिलस' पडले. अर्थ, रक्ताची आवड असणारा.

हेच फायफर पुढे आपल्या शहरात आले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले आणि मुंबईवर जगाची नजर गेली. १८९७ मध्ये जर्मनीने पाठवलेल्या प्लेग आयोगात फायफर सदस्य होते. त्याच काळात वाल्डेमार हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या जागेत प्लेगची लस तयार करत होते. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९०६ मध्ये ती 'बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' झाली, आणि १९२५ पासून आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतो.

थोडक्यात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिवाणूशास्त्राचे एक मोठे केंद्र परळमध्येच होते. प्लेगच्या बाबतीत या शास्त्राने आपली ताकद दाखवली होती. १९१८ मध्ये मात्र त्याची गाठ वेगळ्याच शत्रूशी पडली.

१९१८: गोदीपासून गिरणगावापर्यंत

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले; त्यांतल्या एकाची नेमणूक गोदीत होती. ताप मलेरियाचा नव्हता. पुढच्या आठ-दहा दिवसांत गोदीतले, बँकांतले, टांकसाळीतले आणि गिरण्यांतले लोक आजारी पडत गेले. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांचे मत होते की मे महिन्याच्या अखेरीस बंदराला लागलेल्या एका जहाजातून हा आजार शहरात शिरला. ही पहिली लाट जुलैत ओसरली. सप्टेंबरात दुसरी आली, आणि ती फार घातक होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली.

त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. धान्य महागले होते, गावाकडची माणसे शहरात येत होती. परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत दाटीवाटीने माणसे राहत होती. साथ सगळ्यांकडे गेली, पण सगळ्यांना सारखी भोवली नाही. त्या साथीत मुंबईतल्या युरोपियनांमध्ये मृत्यूचे प्रमाण दर हजारी ८.३ होते, पारशांमध्ये ९, सवर्ण हिंदूंमध्ये १८.९ आणि तथाकथित खालच्या जातींमध्ये ६१.६. आजार एकच होता. फरक होता तो राहण्याच्या जागेचा, पोटातल्या अन्नाचा आणि शुश्रूषेचा.

सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक वस्त्यांत फिरून औषधे आणि दूध पोहोचवत होते. मुंबई इलाख्यात या साथीने दहा लाखांहून अधिक माणसे गेली. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज एक कोटीच्या बरेच वर जातात.

डॉक्टरांच्या हाती काय होते? सूक्ष्मदर्शक होता आणि फायफर यांचे मत होते. जगभरच्या प्रयोगशाळा रुग्णांच्या बेडक्यात फायफरचा जिवाणू शोधू लागल्या. मुंबईतल्या रुग्णांच्या बेडक्याचीही तपासणी झाली. न्यूयॉर्कमध्ये विल्यम पार्क यांनी या जिवाणूपासून लसही बनवली. पण निकाल जुळत नव्हते. कुठे बहुतेक रुग्णांत हा जिवाणू सापडे, कुठे मोजक्याच, आणि कुठे धडधाकट माणसांच्या घशातही! नाही सापडला की तपासणाऱ्याचे कसब कमी पडले असे म्हटले जाई, कारण जिवाणू वाढवायला अवघड होताच.

दोषमुक्ती, पण अर्धीच

१९१८ मध्येच ट्युनिसमध्ये शार्ल निकोल आणि शार्ल लेबेली यांनी रुग्णाच्या स्रावातून जिवाणू गाळून काढले आणि उरलेल्या द्रवानेही आजार होतो असे दाखवले. म्हणजे कारण जिवाणूपेक्षा लहान काहीतरी होते. तरी खटला बरीच वर्षे रेंगाळला. अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा १९२९ चा पेनिसिलिनवरचा प्रसिद्ध शोधनिबंध आठवा. त्याच्या शीर्षकातच याच जिवाणूचा उल्लेख आहे! घशातले इतर अनेक जंतू पेनिसिलिनने मरतात, हा मात्र तगतो. त्यामुळे त्याला वेगळा करायला पेनिसिलिन उपयोगी पडते, असे फ्लेमिंग सांगत होते.

अखेर १९३३ मध्ये लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसातला फ्लूचा विषाणू फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यात वाढवून दाखवला. खरा गुन्हेगार सापडला. जिवाणूचे नाव मात्र तसेच राहिले.

मग हा जिवाणू अगदी निर्दोष होता का? तसेही नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत मार्गारेट पिटमन यांनी १९३१ मध्ये दाखवले की या जिवाणूच्या काही प्रकारांभोवती साखरेच्या रेणूंचे कवच असते. कवचाचे ए ते एफ असे सहा प्रकार. त्यांतला 'बी', म्हणजेच हिब, लहान मुलांत मेंदूज्वर, न्यूमोनिया आणि श्वास कोंडणारी घशाची सूज घडवतो. बिनकवचाचे प्रकार त्या मानाने सौम्य. पण तेही कानदुखी, सायनसचा त्रास आणि जुन्या दमेकऱ्यांची अचानक वाढणारी धाप यांना कारण होतात.

१९१८ च्या साथीतही त्याचा काही हात होताच. २००८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्या काळातले जपून ठेवलेले फुप्फुसांचे नमुने पुन्हा तपासले. बहुतेक मृत्यूंत विषाणूने आधी अस्तर खरवडले आणि मग घशातले नेहमीचे जिवाणू फुप्फुसात उतरले, असे दिसले. त्या जिवाणूंत न्यूमोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस यांच्याबरोबर हाही होता. दार तोडले विषाणूने, आणि आत शिरले शेजारी.

१९९५: जिवाणूची पोथी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत

आता वळू या जिनोमकडे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो. तो चार अक्षरांत लिहिलेला मजकूर समजा. या अक्षरांचा क्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणे म्हणजे जिनोम सिक्वेन्सिंग. १९९० च्या दशकापर्यंत काही विषाणूंचे छोटे जिनोम वाचून झाले होते. पण स्वतः खाणाऱ्या, वाढणाऱ्या, विभागणाऱ्या एकाही सजीवाचा संपूर्ण जिनोम कुणी वाचला नव्हता.

अमेरिकेत मेरीलँडमधल्या 'द इन्स्टिट्यूट फॉर जिनोमिक रिसर्च' या संस्थेत क्रेग व्हेंटर काम करत होते. हॅमिल्टन स्मिथ यांनी त्यांना हिमोफिलस इन्फ्लुएंझाचे नाव सुचवले. स्मिथ यांचा या जिवाणूशी जुना परिचय होता. याच जिवाणूतून त्यांनी डीएनए ठरावीक जागी कापणारे विकर, म्हणजे एन्झाइम, शोधले होते आणि त्याबद्दल १९७८ चे नोबेल मिळवले होते. निवडलेला वाण बिनकवचाचा, प्रयोगशाळेतला निरुपद्रवी होता.

त्यांची पद्धत समजून घ्यायला सोपी आहे. एकाच दिवसाच्या एकाच वर्तमानपत्राच्या अनेक प्रती घ्या आणि भेळेच्या पुड्यांसाठी फाडतात तशा वेड्यावाकड्या फाडा. प्रत्येक प्रत वेगळ्या ठिकाणी फाटेल. आता एका तुकड्याच्या शेवटच्या ओळी दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीशी जुळतात का बघा. असे जुळवत गेलात की अख्खे वर्तमानपत्र पुन्हा उभे राहील. संशोधकांनी जिवाणूच्या डीएनएचे असेच तुकडे केले, एकेका तुकड्याची चार-पाचशे अक्षरे वाचली आणि सुमारे २४ हजार तुकडे संगणकाकडून जुळवून घेतले. राहिलेल्या फटी नंतर एकेक करून भरल्या.

त्या वेळी जाणकारांना हे पटत नव्हते. आधी नकाशा काढायचा आणि मग क्रमाने वाचायचे, ही रीत होती. सरकारी निधीचा अर्ज नाकारला गेला. नकाराचे पत्र आले तेव्हा काम बरेच पुढे गेले होते. २८ जुलै १९९५ च्या 'सायन्स' नियतकालिकात निकाल छापून आला: सुमारे १८ लाख ३० हजार अक्षरे आणि सुमारे १,७४० जनुके. त्यांतल्या जवळजवळ दोन पंचमांश जनुकांचे काम काय, हे तेव्हा सांगता येत नव्हते.

वाचल्यावर काय कळले?

पहिले उत्तर रक्ताच्या आवडीचे. रक्तातला लालपणा ज्या 'हीम' नावाच्या रेणूमुळे असतो, तो बनवण्याची बहुतेक जनुकेच या जिवाणूकडे नाहीत. पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या एका मुख्य साखळीतलीही तीन विकरे नाहीत. जे आयते मिळते ते बनवायचे कशाला, असा त्याचा हिशेब! माणसाच्या अस्तरावर राहायचे ठरवून त्याने स्वतःची चूलच मोडून टाकली. १८९२ पासून प्रयोगशाळांना छळणाऱ्या प्रश्नाचे उत्तर असे जनुकांच्या यादीत मिळाले.

दुसरे, तो निरुपद्रवी का होता हेही दिसले. हिब प्रकारात अस्तराला चिकटायला तंतू असतात. ते तंतू बनवणारी जनुके या वाणात गायब होती. आजार करणारा आणि न करणारा यांच्यातला फरक आता दोन मजकूर शेजारी ठेवून पाहता येऊ लागला.

तिसरे, त्याच्या जिनोममध्ये ठिकठिकाणी चार अक्षरांचे तुकडे ओळीने पुन्हा पुन्हा आलेले सापडले. प्रती करताना अशा ठिकाणी चूक होऊन एखादा तुकडा कमी-जास्त होतो आणि जवळचे जनुक दिव्याच्या बटणासारखे बंद किंवा चालू होते. त्यामुळे जिवाणूच्या पृष्ठभागावरचे रेणू बदलत राहतात आणि आपली प्रतिकारशक्ती त्याला सहज पकडू शकत नाही. १९९६ मध्येच ऑक्सफर्डच्या संशोधकांनी छापलेल्या जिनोमचा आधार घेऊन अशी नवी जनुके शोधून काढली.

१८ लाख अक्षरांची ही वाट सापडल्यावर मोठ्या पोथ्याही उघडल्या. १९९८ मध्ये क्षयाच्या जिवाणूची सुमारे ४४ लाख अक्षरे वाचून झाली. आज क्षयाच्या जंतूवर कोणती औषधे चालणार नाहीत, हे जिनोम वाचून ओळखता येते. २००५ पर्यंत १९१८ च्या फ्लूच्या विषाणूचाही संपूर्ण जिनोम जुन्या नमुन्यांतून उभा केला गेला. तो अवघा साडेतेरा हजार अक्षरांचा. ज्याने मुंबईत एका दिवसात ७६८ माणसे नेली, त्याची पोथी या जिवाणूच्या शंभराव्या भागाहूनही लहान होती, आणि तेव्हाच्या सूक्ष्मदर्शकाला तर तो दिसणेच शक्य नव्हते.

ऑगस्ट २०२१ मध्ये आर्थर रोडच्या कस्तुरबा रुग्णालयात महापालिकेची जिनोम सिक्वेन्सिंग प्रयोगशाळा सुरू झाली. कोविडच्या काळात बातम्यांत तुम्ही तिचे नाव ऐकले असेल. तिथे एकावेळी ३८४ नमुने वाचता येतात. १९१८ मध्ये आजार कशाने होतो यावरच वाद होता. २०२१ मध्ये विषाणूचा कोणता प्रकार शहरात फिरतोय, हे काही दिवसांत कळत होते.

न सापडण्याचीही एक गोष्ट

या इतिहासाची उलटी बाजूही आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत हिबविरुद्धची संयुग्मित लस लहान मुलांसाठी मंजूर झाली आणि तिथे हिबचा मेंदूज्वर झपाट्याने कमी झाला. आपल्याकडे मात्र बरीच वर्षे वाद चालू राहिला: भारतात हिब फारसा आहेच कुठे? रिपोर्टमध्ये तो क्वचितच दिसे. कारण साधे होते. मूल रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्याला प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, दिलेले असे, आणि हा नखरेल जिवाणू वाढवण्याची सोय अनेक ठिकाणी नव्हती. १९९० च्या दशकात नागपूरसह देशातल्या सहा ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयांनी काळजीपूर्वक शोध घेतला, तेव्हा तो सापडला. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालची मुले होती आणि जवळजवळ सगळे जिवाणू 'बी' प्रकारचे. डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूत पंचसंयोजी, म्हणजे पेंटाव्हॅलंट, लस सुरू झाली आणि नंतर ती देशभर आली.

१९१८ ने शिकवले की सापडला म्हणजे तोच दोषी असे नाही. हिबने शिकवले की सापडला नाही म्हणजे तो नव्हताच असेही नाही. तपासणीचा अर्थ लावताना डॉक्टरांना दोन्ही धडे लक्षात ठेवावे लागतात.

तुमच्यासाठी यातून काय?

१. कल्चर रिपोर्टमध्ये हिमोफिलस इन्फ्लुएंझा आला म्हणजे फ्लू झाला असे नाही. तो तुमच्या घशात आधीपासूनच असू शकतो. उपचार करायचे की नाही हे ताप, छातीची तपासणी, एक्स-रे आणि तुमचे इतर आजार पाहून ठरते. केवळ नाव वाचून मेडिकलमधून गोळ्या आणू नका.

२. फ्लू विषाणूमुळे होतो, त्यामुळे साध्या फ्लूवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मात्र फ्लू उतरणीला लागून बरे वाटत असताना पुन्हा ताप चढला, छातीत दुखू लागले, धाप लागली किंवा पिवळा-हिरवा बेडका पडू लागला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. १९१८ मध्ये बळी गेले ते मुख्यतः याच टप्प्यावर.

३. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची पंचसंयोजी लस चुकवू नका. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी यांच्याबरोबर तिच्यात हिबपासूनही संरक्षण आहे. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते.

४. हिबची लस घेतली म्हणजे फ्लूची लस झाली असे समजू नका. फ्लूची लस वेगळी असते आणि विषाणू बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. वय ६५ च्या वर असेल, मधुमेह, दमा, हृदयविकार असेल किंवा गरोदर असाल, तर तिच्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.

५. दम्याच्या किंवा धापेच्या जुन्या रुग्णांनी खोकला अचानक वाढल्यास थांबून राहू नये. बिनकवचाच्या प्रकारांवर हिबची लस चालत नाही, आणि याचे काही वाण नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. अशा वेळी कल्चर तपासणीचा खरा उपयोग होतो.